मराठी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवताना: पद्धत, क्रम आणि मराठीचा आधार

स्पॅनिशची बी२ पातळी (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांपैकी चौथी) पूर्ण करून पुण्यात प्रौढ विद्यार्थ्यांची पहिली बॅच सुरू करणाऱ्या एका शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आहेत. सुरुवात व्याकरणापासून करावी की संभाषणापासून? वर्गात मराठी चालू द्यावी की फक्त स्पॅनिशच बोलण्याचा नियम कडकपणे पाळावा? आणि डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी कधी सुरू करावी? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मी त्यांची उत्तरे वेगवेगळी न देता सलगपणे देते.

थोडक्यात सांगायचे तर विद्यार्थ्यांना आधी भरपूर ऐकू आणि वाचू द्यावे, ते समजू लागले की मग बोलते करावे, आणि व्याकरण या दोन्हींच्या मध्ये, गरज पडेल तेव्हा, थोडक्यात सांगावे. ते सांगताना मात्र इंग्रजीचा आधार न घेता मराठीचा घ्यावा. आपल्याकडे स्पॅनिशची बहुतेक पाठ्यपुस्तके स्पेनमधून येतात आणि वर्गातले स्पष्टीकरण सवयीने इंग्रजीतून होते. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला जे मुळातच अवगत असते, ते वापरले जात नाही.

प्रथम पद्धतींविषयी. व्याकरण-भाषांतर पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी वाचतो चांगले, लिहितोही बरे, पण समोरच्याने साधा प्रश्न विचारला तर मनातल्या मनात वाक्य जुळवत बसतो. तिच्यावरची प्रतिक्रिया म्हणून प्रत्यक्ष पद्धत पुढे आली. मॅक्सिमिलियन बेर्लिट्झ यांनी १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे काढलेल्या शाळेमुळे तिचा प्रसार झाला, आणि ‘वर्गात फक्त शिकायचीच भाषा’ हा नियम तिथूनच रुळला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत श्रवण-भाषण पद्धतीचा बोलबाला झाला. वाक्यांचे साचे ऐकायचे, घोकायचे आणि त्यांत एकेक शब्द बदलत जायचे, असे तिचे स्वरूप होते. सवय लागली की भाषा येते, हे तिच्यामागचे गृहीतक भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी १९५९ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्यावर केलेल्या टीकेनंतर फार काळ टिकले नाही. १९७० च्या दशकात, भाषा प्रत्यक्ष संवादासाठी वापरत शिकावी असे मानणारा संवादात्मक दृष्टिकोन आला. युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेली ए१ ते सी२ या पातळ्यांची चौकट आणि स्पॅनिशच्या प्रसारासाठी स्पेनने स्थापलेल्या इन्स्तितुतो सेर्वांतेस या संस्थेचा अभ्यासक्रम आराखडा हे दोन्ही याच वळणाचे आहेत. तुमच्या हातात आज जे कोणते स्पॅनिश पाठ्यपुस्तक असेल, ते याच दृष्टिकोनातून लिहिलेले असेल.

या इतिहासातून शिक्षकाने घ्यायचा मुद्दा असा की विद्यार्थ्याने भाषा ‘करून’ शिकावी यावर आज बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो बोलण्याच्या आधी किती ऐकायचे यावर. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन क्रॅशन यांच्या मते समजेल असे भरपूर ऐकणे-वाचणे हाच भाषा आत्मसात होण्याचा मूळ मार्ग आहे. मेरिल स्वेन यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या शाळांतील इंग्रजी भाषक मुलांचा अभ्यास केला. त्या मुलांना अनेक वर्षे उत्तम फ्रेंच ऐकायला मिळाले होते, तरी त्यांच्या बोलण्यातल्या व्याकरणाच्या चुका गेल्या नव्हत्या. स्वतः वाक्य घडवावे लागले की आपल्याला नेमके काय येत नाही हे कळते, असे स्वेन यांनी १९८५ साली मांडले. माझ्या अनुभवात दोघांचेही म्हणणे खरे ठरते, फक्त त्यांची वेळ वेगवेगळी असते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत क्रॅशन यांचे ऐकावे आणि पुढे स्वेन यांच्याकडे वळावे.

पहिले काही तास कसे घ्यावेत, हे जरा तपशिलाने सांगते. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांची आज्ञापालनावर आधारलेली पद्धत प्रौढांच्या बॅचमध्येही उत्तम चालते. शिक्षिकेने ‘लेबान्ताते’ म्हणत स्वतः उठायचे, ‘सिएन्ताते’ म्हणत बसायचे, मग विद्यार्थ्यांनी तेच करायचे. चार-पाच क्रिया झाल्या की ‘तोका ला मेसा’ म्हणजे टेबलाला हात लाव, ‘पोन एल लिब्रो देबाखो दे ला सिया’ म्हणजे पुस्तक खुर्चीखाली ठेव, अशी वाक्ये घ्यायची. विद्यार्थ्यांनी अद्याप एकही शब्द उच्चारलेला नसतो. तरीही पहिल्या तासाच्या शेवटी त्यांना तीस-चाळीस शब्द समजत असतात, आणि ‘देबाखो दे’ यासारखी रचना नियम न सांगता कानात बसलेली असते. आठवड्याभरानंतर मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण विचार, इच्छा, मत या गोष्टी आज्ञेत मावत नाहीत.

तिथून पुढे गोष्ट उपयोगी पडते. कॅलिफोर्नियातीलच बेकर्सफील्ड येथे स्पॅनिश शिकवणारे ब्लेन रे यांनी १९९० च्या सुमारास आशर यांच्या पद्धतीतूनच गोष्ट ‘विचारण्याची’ पद्धत विकसित केली. यात शिक्षक गोष्ट सांगत नाही. तो प्रश्न विचारत जातो आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून गोष्ट तयार होते. समजा आज ‘तिएने’ म्हणजे तिच्याकडे आहे, ‘किएरे’ म्हणजे तिला हवे आहे, आणि ‘बा आ’ म्हणजे ती जाते, या तीन रचना घ्यायच्या आहेत. फळ्यावर त्या मराठी अर्थासह लिहाव्यात. अर्थ ओळखायला लावण्यात वेळ घालवू नये. मग ‘एका मुलीकडे मांजर आहे’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये सांगावे आणि त्याभोवती प्रश्न फिरवावेत. तिच्याकडे मांजर आहे का? मांजर आहे की कुत्रा? कुत्रा आहे का? नाही, कुत्रा नाही. कोणाकडे मांजर आहे? तिला काय हवे आहे? या प्रश्नांची उत्तरे एका शब्दाची असली तरी चालते, कारण ‘तिएने’ हा शब्द विद्यार्थ्यांच्या कानावर पंधरा-वीस वेळा अर्थासह पडलेला असतो. मुलीला कोणत्या गावाला न्यायचे आणि तिथे तिला काय मिळणार, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. तीच गोष्ट थोड्या फरकाने लिहून पुढच्या तासाला वाचायला द्यावी. वाचनाची ही पायरी वेळेअभावी गाळली जाते, आणि माझ्या मते याच पायरीने शिकलेले पक्के होते.

आता मराठीच्या आधाराविषयी. अमेरिकेतील परकीय भाषा शिक्षकांच्या ‘ॲक्टफल’ या संस्थेने २०१० साली वर्गातील किमान ९० टक्के वेळ शिकायच्या भाषेत जावा अशी शिफारस केली. मला ती मान्य आहे. पण उरलेला दहा टक्के वेळ कोणत्या भाषेत घालवायचा, हा आपल्या वर्गातला खरा प्रश्न आहे, आणि तो इंग्रजीत घालवणे म्हणजे हातचे सोडून देणे.

‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते ‘मे गुस्ता एल मांगो’ असे होते आणि आंबे अनेक असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’. मराठीतही क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते: आंबा आवडतो, आंबे आवडतात. जगभरच्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांना ही रचना उलटी वाटते, आणि पाठ्यपुस्तके तिच्यावर प्रकरणभर सराव देतात. मराठी विद्यार्थ्याला ‘मे म्हणजे मला’ एवढे सांगितले की काम होते. तरीही तोच विद्यार्थी ‘यो गुस्तो’ अशी वाक्ये करतो, याचे कारण त्याला ही रचना ‘आय लाइक’वरून शिकवलेली असते. ‘मे इंतेरेसा’, ‘मे पारेसे’, ‘मे फाल्ता’ ही सगळी कुटुंबे मला रस आहे, मला वाटते, मला कमी पडते अशी एकत्र घेता येतात. हिंदी भाषक विद्यार्थी वर्गात असले तरी अडचण नाही, कारण ‘मुझे’ची रचना अशीच आहे. दुखण्याच्या वाक्यात मात्र थांबावे लागते: आपण ‘माझे डोके दुखते’ म्हणतो, तर स्पॅनिशमध्ये ‘मला डोके दुखते’ अशी रचना लागते, आणि हा फरक वेगळा दाखवावा.

दुसरे उदाहरण त्याहून बारीक आहे. स्पॅनिशमध्ये कर्म व्यक्ती असेल तर तिच्या आधी ‘आ’ येतो, वस्तू असेल तर येत नाही. मराठीतही आपण ‘मी मारियाला पाहते’ म्हणतो, पण ‘मी घर पाहते’ म्हणतो. इतकेच साम्य असते तर नियम सांगून भागले असते. पण दोन्ही भाषांत पुढची छटाही सारखी आहे. ‘बुस्को उन मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर शोधतेय, कोणताही चालेल. ‘बुस्को आ उन मेदिको’ म्हणजे मी एका डॉक्टरांना शोधतेय, विशिष्ट व्यक्ती मनात आहे. ‘डॉक्टर शोधतेय’ आणि ‘डॉक्टरांना शोधतेय’ यांतला फरक मराठी माणसाला कोणी शिकवलेला नसतो, तरी तो कधी चुकत नाही. इंग्रजीत हा फरक दाखवायला खूण नसल्यामुळे इंग्रजीतून केलेले स्पष्टीकरण लांबत जाते. वर्गात मी ही दोन मराठी वाक्ये शेजारी-शेजारी लिहिते, अर्थातला फरक विद्यार्थ्यांनाच सांगायला लावते, आणि मग स्पॅनिश वाक्ये दाखवते.

कर्माच्या सर्वनामांची गोष्टही अशीच आहे. ‘लो बुस्का ला मुचाचा’ या वाक्याचा अर्थ ‘मुलगी त्याला शोधते’ असा आहे. बिल व्हॅनपॅटन आणि तेरेसा कादिएर्नो यांनी १९९३ साली स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांवर केलेले संशोधन याच अडचणीवर आहे: शिकणारा वाक्यातला पहिला शब्द कर्ता समजतो आणि ‘तो मुलीला शोधतो’ असा उलटा अर्थ लावतो. त्यांचा उपाय साधा होता. आधी रूपे म्हणायला लावण्याऐवजी वाक्य ऐकवून दोन चित्रांपैकी योग्य चित्र निवडायला लावायचे, म्हणजे शब्दक्रमावर विसंबून चालत नाही आणि रूपाकडे लक्ष द्यावेच लागते. हा सराव आपल्या वर्गात जसाच्या तसा वापरावा, पण आधी ‘त्याला मुलगी शोधते’ हे मराठी वाक्य म्हणून दाखवावे. मराठीत शब्दांची जागा बदलली तरी ‘ला’ प्रत्ययामुळे अर्थ ढळत नाही, हे लक्षात आले की विद्यार्थी स्पॅनिशमध्येही पहिल्या शब्दाऐवजी ‘लो’कडे पाहू लागतो.

बी१ पातळीवर सगळ्यांना धडकी भरवणारा ‘सुबखुन्तिवो’ (इच्छा, शंका अशा अर्थांसाठी लागणारे क्रियापदाचे रूप) मराठीतून शिकवला तर त्याचा निम्मा भाग सोपा होतो. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे ‘तू यावेस असे मला वाटते’. आपला विध्यर्थ हेच काम करतो. ‘पारा के लो सेपास’ म्हणजे ‘तुला कळावे म्हणून’, आणि ‘ते रेकोमिएन्दो के एस्तुदिएस’ म्हणजे ‘तू अभ्यास करावास असा माझा सल्ला आहे’. इच्छा, हेतू, सल्ला या तिन्ही ठिकाणी मराठीतला ‘-ावा’ आणि स्पॅनिशमधले ते रूप एकाच जागी येतात. हा पूल कुठे संपतो, हेही त्याच तासाला स्पष्ट सांगावे. शंका व्यक्त करताना आपण ‘तो येईल असे वाटत नाही’ म्हणतो, आनंद व्यक्त करताना ‘तू इथे आहेस याचा आनंद आहे’ म्हणतो. दोन्हीकडे मराठीत विध्यर्थ नाही, स्पॅनिशमध्ये मात्र सुबखुन्तिवो लागतो. म्हणून इच्छा, हेतू आणि सल्ला हे आधी घ्यावे, शंका आणि भावना काही आठवड्यांनंतर. बहुतेक पुस्तकांतला क्रम याहून वेगळा असतो. तो बिनदिक्कत बदलावा.

जिथे मराठीचा उपयोग होत नाही किंवा उलट अडचण होते, त्या जागाही शिक्षकाला ठाऊक हव्यात. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन्ही क्रियापदांना आपल्याकडे एकच ‘असणे’ आहे. हुशार विद्यार्थी ‘असतो’ म्हणजे सेर आणि ‘आहे’ म्हणजे एस्तार अशी जोडी स्वतःच लावतो, कारण ‘बर्फ थंड असतो’ आणि ‘चहा थंड झाला आहे’ या वाक्यांत ती जुळते. पण ‘मी शिक्षिका आहे’ या वाक्यात सेर लागतो आणि ती जोडी लगेच तुटते. कायमचे आणि तात्पुरते हा पुस्तकी नियमही पुरेसा नाही: मेलेल्या माणसाविषयी बोलताना एस्तार येतो, आणि घर कुठे आहे हे सांगताना एस्तार येत असला तरी घरी समारंभ आहे हे सांगताना सेर येतो. म्हणून इथे नियमाऐवजी वाक्ये पाठ करून घ्यावीत, ओळख, व्यवसाय, मूळ गाव, समारंभाची जागा एकीकडे आणि ठिकाण, तब्येत, झालेला परिणाम दुसरीकडे, आणि ती गोष्टींतून पुन्हा पुन्हा ऐकवावीत.

भूतकाळात मराठी अर्धी मदत करते. ‘लहानपणी आम्ही समुद्रावर जायचो’ यातल्या ‘जायचो’ची जागा स्पॅनिशमध्ये अपूर्ण भूतकाळ घेतो, आणि ‘काल गेलो’ची जागा साधा भूतकाळ घेतो. हे विद्यार्थ्याला सहज उमगते. घोटाळा होतो तो ‘होता’ या शब्दाशी, कारण त्याच्या जागी स्पॅनिशमध्ये ‘फुए’, ‘एरा’, ‘एस्ताबा’, ‘आबिया’ यांपैकी काहीही येऊ शकते. या एका शब्दावर स्वतंत्र तास खर्च करावा.

उच्चारांत मराठी विद्यार्थ्याला मोठा फायदा आहे आणि तोही इंग्रजीच्या सवयीने जातो. स्पॅनिशमधले प, त, क हे आपल्या अल्पप्राण व्यंजनांसारखे आहेत आणि त, द दंत्य आहेत. तरीही इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी लिहिलेले अक्षर पाहून ‘तू तिएनेस’चे ‘टू टिएनेस’ वाचतात, आणि दोन स्वरांमधला ‘स’ इंग्रजी झेडसारखा उच्चारून ‘कासा’चे ‘काझा’ करतात. त्यांना फक्त मराठीतला त आठवून द्यावा लागतो. एकेरी र आणि घोळवलेला र्र यांतला फरक, म्हणजे ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा), हळूहळू जमतो. तो आधी कानाला कळला पाहिजे. जिभेला वेळ लागला तरी चालेल.

उच्चारांतली सर्वांत मोठी अडचण आघाताची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची दखल घ्यायची सवयच नसते. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ या शब्दात ‘आ’वर जोर दिला तर अर्थ ‘मी बोलते’ होतो आणि ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. काळ आणि पुरुष दोन्ही एका आघाताने बदलतात. मी यासाठी पहिल्याच महिन्यात एक छोटा सराव घेते: मी एकेक क्रियापद कुठल्यातरी एका आघाताने म्हणते, आणि विद्यार्थी ‘मी, आज’ असेल तर डावा हात, ‘तो, काल’ असेल तर उजवा हात वर करतात. सुरुवातीला अर्धे हात चुकीचे वर येतात. रोज पाच मिनिटे हा सराव केला की काही आठवड्यांत कान तयार होतो, आणि मग लिहिताना आघातचिन्हाच्या चुकाही आपोआप कमी होतात. इथे मी स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहीत असले तरी विद्यार्थ्यांना वहीत तसे लिहू देऊ नये. देवनागरीत हा आघात दिसत नाही, आणि एकदा लागलेली सवय सुटायला फार त्रास होतो.

संबोधनाचा मुद्दा लहान आहे, पण तो राहू नये. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतला फरक आपल्याला तू आणि तुम्ही यांवरून लगेच कळतो, पण त्यामुळेच मराठी विद्यार्थी स्पेनमधल्या सहकाऱ्यांना आणि दुकानदारांनाही उस्तेद म्हणत राहतो, जिथे आज बहुतेक ठिकाणी तू चालते. कोलंबियाच्या काही भागांत याउलट घरातही उस्तेद वापरतात, आणि अर्जेन्टिनात तूऐवजी ‘वोस’ म्हणतात. बोलण्यासाठी एकच प्रदेशाची भाषा पक्की करावी, ऐकायला मात्र सगळ्या द्याव्यात.

विद्यार्थी बोलू लागले की त्यांना काम द्यावे, आणि त्या कामाला निष्पत्ती असावी. या विचाराचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या देशात झाला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिण भारतातील इतर शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवला आणि रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, नियमांचा तक्ता अशी कामे मुलांसमोर ठेवली. कार्याधारित अध्यापनाच्या जगभरच्या चर्चेत या प्रयोगाचा उल्लेख होतो, आणि आपल्या शिक्षकांना तो माहीत नसतो याची मला खंत वाटते. प्रभूंचे वेळापत्रक स्पॅनिशच्या वर्गातही घेता येते. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून सेव्हियाला जाणाऱ्या ‘आवे’ या अतिवेगवान गाड्यांचे वेळापत्रक आणि तिकिटांचे दर विद्यार्थ्यांना द्यावेत. १९९२ साली सुरू झालेला स्पेनचा हा पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग आहे आणि प्रवास साधारण अडीच तासांचा आहे. मग एक अट घालावी: एका व्यक्तीला दुपारी एकला सेव्हियात मुलाखतीला पोहोचायचे आहे, सकाळी नऊपर्यंत ती माद्रिदमध्ये कामात आहे, आणि तिच्याकडे ठरावीकच पैसे आहेत. जोडीने चर्चा करून गाडी निवडायची आणि कारण स्पॅनिशमध्ये सांगायचे. ‘साले आ लास’ (इतक्या वाजता सुटते), ‘येगा आ लास’ (इतक्या वाजता पोहोचते), ‘एस मास बारातो के’ (त्यापेक्षा स्वस्त आहे) या रचना इथे गरज म्हणून येतात, आणि ज्याला त्या आठवत नाहीत तो स्वतःहून विचारतो. व्याकरणाचे पाच मिनिटांचे स्पष्टीकरण कामानंतर द्यावे, कारण तेव्हा त्याला प्रश्न पडलेला असतो.

चुका सुधारण्याबाबत एक निष्कर्ष उपयोगी आहे. रॉय लिस्टर आणि लैला रान्ता यांनी १९९७ साली कॅनडातल्या वर्गांत असे नोंदवले की शिक्षक चुकीचे वाक्य स्वतः बरोबर करून परत म्हणतात, ही सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत आहे, आणि विद्यार्थी तिला सर्वांत कमी प्रतिसाद देतात. ‘मी थकले आहे’ याला एस्तारऐवजी सेर वापरून ‘यो सोय कान्सादा’ असे कोणी म्हटले आणि तुम्ही ‘आ, एस्तास कान्सादा’ म्हणालात, तर तिला वाटते की तुम्ही तिची विचारपूस करत आहात. त्याऐवजी ‘यो...?’ एवढेच म्हणून थांबावे, किंवा बोटाने फळ्यावरच्या सेर-एस्तारच्या तक्त्याकडे दाखवावे. ती स्वतः ‘एस्तोय’ म्हणते. गोष्ट चालू असताना मात्र चुका सुधारू नयेत; त्या टिपून ठेवून नंतर नाव न घेता फळ्यावर घ्याव्यात. आपल्याकडची प्रौढ मंडळी सर्वांसमोर चुकायला फार बिचकतात आणि एकदा गप्प बसली की महिनाभर बोलत नाहीत.

शब्दसंग्रहाला मी वेगळा तास देत नाही. अंतर ठेवून उजळणी करून घेणारी मोबाइल ॲप त्यासाठी पुरेशी आहेत, मात्र त्यातले शब्द वर्गात झालेल्या गोष्टींतून घ्यावेत. पहिल्या दिवशी पगार, बटाटा, पपई, पाव, अननस हे पोर्तुगीजांमार्फत मराठीत आलेले शब्द आणि त्यांची स्पॅनिश भावंडे जरूर दाखवावीत. विद्यार्थ्यांचा हुरूप वाढतो. गोव्यातल्या ज्या विद्यार्थ्यांना पोर्तुगीज येते, ते स्पॅनिश वाचायला पटकन शिकतात, पण बोलताना दोन्ही भाषा मिसळतात. त्यांना वाचन कमी आणि ऐकणे जास्त द्यावे.

राहिला परीक्षेचा प्रश्न. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत इंग्रजी भाषकांना स्पॅनिशमध्ये कामकाजापुरते प्रावीण्य मिळवायला ६०० ते ७५० वर्गतास लागतात असे धरले जाते. आठवड्याला चार तासांची बॅच असेल तर वर्षाला दोनशेच्या आसपास तास होतात. त्यामुळे ‘सहा महिन्यांत बी२’ असे आश्वासन पालकांना किंवा नोकरीसाठी घाईत असलेल्या तरुणांना देऊ नये. डेलेचे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते, म्हणून पातळी निवडताना घाई करण्याचे कारण नाही. गुणांची विभागणी मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी: वाचन आणि लेखन यांचा एक गट, ऐकणे आणि बोलणे यांचा दुसरा, आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक गटात ५० पैकी ३० गुण लागतात. एका गटातले जास्तीचे गुण दुसऱ्या गटाला देता येत नाहीत. आपले विद्यार्थी लेखी भागात बरे असतात आणि दुसऱ्या गटात अडकतात. वरचा सगळा क्रम मी त्यासाठीही सुचवला आहे.

प्रश्नपत्रिकेची खास तयारी परीक्षेच्या दोन महिने आधी सुरू केली तरी पुरते. बी१च्या तोंडी परीक्षेत आधी पंधरा मिनिटे तयारीला मिळतात, मग विषय मांडायचा, त्यावर बोलायचे, छायाचित्राचे वर्णन करायचे आणि त्यातल्या प्रसंगावर आधारलेला संवाद करायचा असतो. तयारीच्या त्या पंधरा मिनिटांत पूर्ण वाक्ये न लिहिता फक्त मुद्दे लिहायची सवय करून घ्यावी, कारण लिहिलेले वाचून दाखवू देत नाहीत. ऐकण्याच्या सरावात स्पेन, मेक्सिको, अर्जेन्टिना आणि कोलंबिया यांचे आवाज आलटून-पालटून घ्यावेत. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे व्याकरण घेऊ नये. पूर्वी केलेल्या गोष्टी आणि कामे वेळ लावून पुन्हा करून घ्यावीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची किमान दोनदा तोंडी परीक्षा त्याला अनोळखी असलेल्या शिक्षकाकडून घ्यावी.